एकोणीस सायकली, चार महिने

ताई, सादर नमस्कार.

मी ६१ वर्षांचा, कोथरूडला तळमजल्यावर राहतो. चौदा वर्षांपूर्वी जुन्या बाजारात ७०० रुपयांना एक हर्क्युलस घेतली आणि तिथून हे सुरू झालं. आज मागच्या बोळात, गॅलरीत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीत मिळून १९ सायकली आहेत. रॅले एक (तीन गिअरची, विकणारा म्हणाला १९४७ची, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, मात्र ५६ आणि ९ असे आकडे आहेत), हिंद दोन, सेन-रॅले एक, फिलिप्स एक, बीएसए लेडीज एक, हर्क्युलस तीन, अ‍ॅटलस तीन, हिरो चार, बीएसएच्याच एसएलआर दोन आणि एक बिननावाची. चालू स्थितीत दोन. बाकी कुणाला चाक नाही, कुणाचा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलाय, कुणी सुटी होऊन डब्यात बसलीय. रॅलेच्या ब्रॅकेटची (पायडलचा आस जिथे फिरतो तिथली) वाटी सहा वर्षं शोधतोय, आपल्याकडची बसतच नाही. तिचा गिअरचा हब उघडला होता, तो श्रीखंडाच्या डब्यात आहे. एक हँडल गंज काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या बादलीत ठेवलं आणि विसरलो, ते पिवळं पडलं. लेडीज सायकल सौ.साठी घेतली होती, त्याला नऊ वर्षं झाली. हुजूरपागेत असताना ती सायकलनं जायची.

आता आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. चार महिन्यांत जागा रिकामी करायची, भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. सौ. म्हणते, ‘टेम्पो एकच येईल. त्यात मी बसायचं की त्या, ते ठरवा.’ मुलीनं वस्तू साठवण्याच्या आजारावरचा व्हिडिओ पाठवला. पण ताई, हिंद गेली, सेन-रॅले गेली, अ‍ॅटलसचा कारखाना बंद पडला. आपण नाही ठेवल्या तर कोण ठेवणार? एकेक पूर्ण करून मगच द्यायची असं दरवर्षी ठरवतो. पूर्ण एकही होत नाही. काय करू?

— एक सायकलवेडा, पुणे ३८

नमस्कार सायकलवेडे,

तुमचं मूळ पत्र सात पानी आहे, वर छापलाय तो त्याचा अर्क. ती सातही पानं मी दोनदा वाचली. कुठली सायकल कुठल्या रविवारी मिळाली, भाव कितीवरून कितीवर आणला, पावसात ती ढकलत घरी कशी आणली, हे अकरा सायकलींबद्दल आहे आणि काय रंगवून लिहिलंय! पण सायकल चालवल्याचं एक वाक्य त्यात नाही. चालू असलेल्या दोन सायकली कुठे जातात? भाजीला? वेताळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत? काही पत्ता लागत नाही. तुम्हाला सायकल शोधायला आवडते आणि खोलायला आवडते. बसवायला तितकं आवडत नाही. हे तुम्ही स्वतःशी एकदा मोकळेपणानं कबूल केलंत तर निम्मी अडगळ आजच हलेल.

मी हे एवढ्या ठासून का म्हणते, तर माझ्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे, आउट काढायचे (डुलणारं चाक सरळ करायचे) आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ‘ओव्हरऑयलिंग’ करायचे. खरा शब्द ‘ओव्हरहॉलिंग’ आहे ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तरी अजून तोंडात ओव्हरऑयलिंगच येतं. दुकानात दोन पोरं कामाला होती आणि त्यांना एकच सक्त नियम होता : एका वेळी एकच सायकल उलटी. ती सरळ होऊन, घंटी वाजवून बाहेर उभी राहिल्याशिवाय दुसरीचा नट सैल करायचा नाही. सायकल खोलणं हे पोरासोरांचं काम आहे, त्याला पाना आणि जोर पुरतो. जोडताना मात्र लक्षात ठेवावं लागतं : पुढच्या हबला बारीक छर्रे (लोखंडी गोळ्या) दोन्हीकडे दहा-दहा, मागच्या हबला पाव इंची नऊ-नऊ, ब्रॅकेटला अकरा-अकरा. दोन सायकली एकदम उघडल्या की छर्रे एकमेकांत मिसळतात आणि मग संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं आणि पोरं जमिनीवर रांगतायत. तुमच्याकडे सतरा उलट्या आहेत. तुम्ही रांगत नाही एवढंच, कारण दारात गिऱ्हाईक नाही.

आता मुलीच्या व्हिडिओबद्दल. साठवणुकीचा आजार असतो, ती काही थट्टा नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात २०१३ पासून त्याची वेगळी नोंद आहे. त्यात वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकायच्या नुसत्या विचारानं जीव कासावीस होतो आणि राहत्या खोल्या राहण्याजोग्या उरत नाहीत. तुमच्या मुलीची खोली गेली आहे, हे मी दृष्टीआड करत नाही. पण तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी मित्राच्या नातवाला एक हिरो देऊन टाकलीत आणि तो ती घेऊन शाळेत जातो याचं तुम्हाला कौतुक आहे. ज्याला देऊन आनंद होतो, त्याला मी घाईनं आजारी म्हणणार नाही. तरी एक करून बघा. या रविवारी एक फुटका मडगार्ड आणि एक गंजलेलं कॅरियर भंगारवाल्याला द्या. हळहळ वाटली तर वाटू दे. झोप उडाली, छाती धडधडली आणि सोमवारी ते परत आणायला निघालात, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मग ते काम माझ्या सदराचंही नाही.

‘कोण ठेवणार’ हा तुमचा प्रश्न मला खरा वाटतो, पण १९ सायकलींना तो सारखा लागू पडत नाही. हिंद वरळीच्या कारखान्यातली. सेन-रॅले आसनसोलची, १९५२ सालच्या कारखान्यातली. अ‍ॅटलसची गोष्ट तर चटका लावणारी : १९५१ साली सोनीपतला सुरू झालेली कंपनी, आणि तिच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं ते २०२० मध्ये ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी. या सायकली राहाव्यात असं कुणालाही वाटेल. पण हिरो? लुधियानात १९५६ पासून ज्या निघताहेत त्या आजही निघताहेत. तुमच्या बोळातल्या चार हिरो म्हणजे वारसा नाही, त्या चार सायकली आहेत. अ‍ॅटलसही तीन कशाला? कारखाना एकदाच बंद पडला.

आणि ती रॅले. हबच्या कवचावर ५६ आणि ९ आहे ना? म्हणजे तो हब १९५६ च्या सप्टेंबरात बनला. अशा रॅलेचे गिअरचे हब स्टर्मी-आर्चर कंपनीचे असायचे आणि ते हबवर साल आणि महिना ठोकायचे. हब नंतर बदललेला असू शकतो, पण बहुधा सायकलही त्याच सुमाराची असेल. विकणाऱ्यानं तुम्हाला सायकलीबरोबर स्वातंत्र्याचं वर्षही विकलं! चालायचंच, जुन्या बाजारात हे फुकट मिळतं.

पण सहा वर्षं वाटी शोधताय, हे वाचून मी कपाळावर हात मारला. आपल्याकडची बसत नाही ते बरोबर आहे. रॅलेनं ब्रॅकेटला स्वतःचेच आटे ठेवले होते, इंचाला २६. इतर बहुतेक ब्रिटिश आणि आपल्या सायकलींना २४. जोर लावून २४ची वाटी घुसवली असतीत तर फ्रेमच गेली असती, ते केलं नाहीत हे फार चांगलं. पण वाटी बदलायची कशाला? तुम्ही लिहिलंय की ‘थोडे खड्डे दिसतात’. चेनच्या बाजूची वाटी जागेवरच राहू द्या. रॉकेलच्या चिंधीनं ती आतून पुसा, बॅटरीच्या उजेडात बघा. छर्रे जिथून फिरतात तिथली वाट सोलल्यासारखी झाली असेल तर गोष्ट वेगळी. नुसते टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे असतील तर नवे छर्रे, भरपूर ग्रीस, आणि चालवा. थोडी कुरकुर करेल. सत्तरीला टेकलेली सायकल आहे, तिला तेवढा हक्क आहे. कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसाला घट्ट धरणारी पाचर) मात्र जुनी परत ठोकू नका, नवी घाला, आणि ठोकताना क्रँकखाली भक्कम लोखंडी टेकू ठेवा. नाहीतर तो दणका सगळा छर्‍यांवर आणि वाट्यांवर जातो आणि खड्डे आणखी पडतात.

श्रीखंडाच्या डब्यातला हब तुमच्या हातून होणार नाही. रागावू नका. त्यातल्या केसासारख्या स्प्रिंगांपैकी एखादी कधीच केराबरोबर गेली असेल. हे हब बहुतेक वेळा मोडलेले नसतातच, आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तेलाच्या भोकातून पातळ तेल सोडून आठवडाभर ठेवलं असतंत तर उघडायची वेळच आली नसती. आता डबा जसाच्या तसा एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडे द्या. स्टर्मी-आर्चरचा धंदा २००० मध्ये तैवानच्या सनरेसनं घेतला आणि तीन गिअरचे हब आजही बनतात, तेव्हा अगदीच निरुपाय होणार नाही.

ती बादली मात्र आजच्या आज हलवा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विष आहे, आणि पत्रात तुम्ही दीड वर्षाच्या नातीबद्दलही लिहिलंय. पिवळा थर हातमोजे घालून, खाण्याचा सोडा लावून घासलात तर बराचसा जाईल. तीच गोष्ट रंगाची. जुन्या रंगात शिसं असू शकतं. गॅलरीत बसून कोरडा पॉलिशपेपर मारायचा नाही, आणि नात आलेली असताना तर मुळीच नाही.

रंगावरून मूळ मुद्द्याकडे येते. ‘पूर्ण’ म्हणजे तुमच्या मनात काय आहे, ते पाचव्या पानावर सापडलं : ‘शोरूममधून निघाल्यासारखी.’ इथंच घोडं पेंड खातंय. निकल नवं, रंग नवा, सोनेरी लायनिंग नवी, टायर त्याच कंपनीचे, बिल्लासुद्धा चकचकीत. अशी सायकल एखाद्याच्या आयुष्यात एक होते, फार तर दोन. आणि ती झाली तरी काय होतं? त्या सेन-रॅलेच्या नळीवर कारखान्यातल्या कुणीतरी ब्रशनं ओढलेली रेघ अजून आहे असं तुम्ही लिहिलंय. ती घासून नवी ओढलीत की ती तुमच्या पेंटरची रेघ झाली. मग ‘आपण नाही तर कोण ठेवणार’ म्हणता, ते ठेवलंत कुठे?

माझ्या वडिलांच्या दुकानात दोनच अवस्था होत्या : धावती आणि न धावती. ब्रेक लागतात, चाकं डुलत नाहीत, चेन उतरत नाही, सीट बसल्यावर खाली जात नाही, घंटी वाजते, झाली सायकल. तुम्ही हेच माप धरा. रंगाला हात लावू नका. ओल्या फडक्यानं धूळ काढायची, मग चिंधीवर दोन थेंब शिलाई मशीनचं तेल घेऊन पुसायचं. जुन्या छापील नावांवर मात्र आधी कोपऱ्यात करून बघायचं, ती निघून येतात. निकलवरच्या गंजाला अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळा, अ‍ॅसिडपेक्षा पुष्कळ बरं. या मापानं बघितलंत तर तुमच्या न धावत्या १७ पैकी पाच-सहा एकेका रविवारच्या अंतरावर आहेत. फिलिप्सला तर तुमच्याच यादीप्रमाणे फक्त मागचा टायर-ट्यूब आणि एक ब्रेकची जोडी हवी आहे! नऊ वर्षं ती कशासाठी थांबलीय? निकलसाठी.

उरलेल्यांचं काय? आता जरा कडू बोलते. हर्क्युलस, अ‍ॅटलस आणि हिरो मिळून दहा आहेत. त्यांच्यात चाकं, पायडल, मडगार्ड, चेनकव्हर बरीचशी एकमेकांना चालतात. दहातून चार चांगल्या उभ्या राहतील आणि सहा त्यांच्यासाठी खर्ची पडतील. तुम्हाला खोलायची हौस आहेच, तर ती इथे मनसोक्त भागवा. यात पाप नाही, सायकलच्या दुकानात सायकल अशीच जगते. उभ्या राहिलेल्या चार देऊन टाका : सोसायटीच्या वॉचमनला, वहिनींच्या मदतनीस बाईंच्या मुलीला, ज्याला उद्या सकाळी सायकलवर बसून कुठेतरी पोचायचं आहे अशा कुणालाही. विकायच्या असतील तर विका, पण चौदा वर्षांत घातलेले पैसे कागदावर मांडून बसू नका. ती बेरीज करणारा माणूस सायकल विकत नाही, भांडण विकत घेतो.

कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेला असालच. नसाल तर जा, पण या वेळी एक सायकल कमी करण्याच्या नजरेनं जा. एवढ्या सायकली नीट ठेवायला काय काय लागतं ते डोळ्यांनी दिसेल. काही द्यावंसं वाटलं तर आधी फोन करून विचारा. संग्रहालय म्हणजे भंगाराचा दुसरा थांबा नव्हे.

टेम्पोचा प्रश्न सोपा आहे. भाड्याच्या घरी किती सायकली येणार, तो आकडा वहिनी सांगतील. कुठल्या येणार, ते तुम्ही ठरवायचं. आकड्यात तुम्ही बोलायचं नाही, निवडीत त्या बोलणार नाहीत. त्यांनी तीन म्हटलं तर तीन. (मला वाटतं त्या चार म्हणतील. ज्या बाईनं मुलीच्या खोलीत एसएलआर ठेवू दिली, ती एवढीही कठोर नसते.) नव्या इमारतीत पार्किंग मिळेल तेव्हा बघू, हे वाक्य या चार महिन्यांत घरात उच्चारायचं नाही. रिडेव्हलपमेंट कधी पूर्ण होते ते तुमच्या सायकलींसारखंच आहे.

हे सगळं हलवण्याआधी प्रत्येक सायकलीचे सुटे भाग वेगळ्या पोत्यात घाला, पोत्यावर आणि फ्रेमवर खडूनं एकच आकडा लिहा. हे कंटाळवाणं काम आहे आणि तुम्ही ते टाळाल, म्हणून ते पहिल्या आठवड्यात करा. बुधवार-रविवार जुन्या बाजारात जायची सवय मोडणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा जा. फक्त फोन घरी ठेवून जा आणि खिशात वडापाव-चहापुरते पैसे ठेवा. हल्ली लोक कोड स्कॅन करून वाहवत जातात.

सुरुवात रॅलेपासून करू नका, हिंदपासूनही नको. लेडीज सायकलीपासून करा. तिला काय हवंय ते तुम्ही लिहिलंच नाहीत. बाकी अठरांची कुंडली दिलीत आणि या एकीची एक ओळ. चेन आहे का? सीट? बहुतेक फक्त ओव्हरऑयलिंग आणि दोन टायर. पुढच्या रविवारी ती एकटीच उलटी करा, बाकी कुठल्याही नटाला हात लावू नका, आणि संध्याकाळपर्यंत सरळ करून दारात उभी करा. वहिनींना आग्रह करू नका. इतक्या वर्षांनी एकदम रस्त्यावर उतरायला भीती वाटते. सकाळी साडेसहाला सोसायटीचं आवार रिकामं असतं. सीट नेहमीपेक्षा बोटभर खाली ठेवा, पाय टेकले की धीर येतो. त्या बसल्या नाहीत तरी सायकल धावती झालेली असेल आणि तुमच्याकडच्या चालू सायकलींचा आकडा चौदा वर्षांत पहिल्यांदा दोनाचा तीन होईल.

एक राहिलंच. दोन हिंद आहेत म्हणालात, आणि एकीची फ्रेम वाकलीय पण चेनकव्हर अस्सल आहे, मागच्या बाजूला जरा चेपलेलं. वडिलांच्या दुकानातली शेवटची हिंद माझ्या माळ्यावर आहे. तिला सगळं आहे, चेनकव्हर तेवढं नाही. अकरा वर्षं शोधतेय. ते कुणाला द्यायच्या आत मला एक ओळ लिहा, मी मिरजेहून स्वतः येऊन घेऊन जाईन. आणि पत्ता पाकिटावर घालताना कार्यालयाचाच घाला, घरचा नको. पोस्टमननं दिलेली पत्रं आधी माझी सून उघडते.